उजेडाने जागे होणारे औषध



व्याख्यानमालेचे चिटणीस विषय विचारण्यासाठी आमच्या युनियनच्या कचेरीत आले, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयांवर मी बारा महिने बोलतच असतो आणि ते ऐकून ऐकून माझ्या घरच्या माणसांनीही कान मिटून घेतले आहेत. म्हणून यंदा मी लेसरने बनवलेल्या सूक्ष्म कणांचा आणि प्रकाशाने चालणाऱ्या औषधांचा विषय सांगितला. चिटणीस क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. नववीनंतर शाळा सुटलेला मी माणूस. शास्त्राशी माझी ओळख झाली ती दौंडच्या फलाटावर उशिरा येणाऱ्या गाड्यांमुळे. गाडी दोन तास उशिरा आली की निम्मे पुस्तक वाचून होई.

हा विषय मात्र मी हौसेने निवडलेला नाही. गेल्या वर्षी एका संध्याकाळी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा आमचा एक सभासद कचेरीत आला. त्याच्या बायकोला लहानपणापासून मिश्री लावण्याची सवय. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा उठला, मग तिथे न भरणारी जखम झाली. मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला, आणि डॉक्टरांनी लवकर शस्त्रक्रिया करा असे सांगितले. जबडा कापायचा या कल्पनेनेच दोघे खचले. तेवढ्यात कोणीतरी त्यांना एका माणसाकडे नेले. 'लेसर आणि सोन्याच्या कणांनी गाठ जागच्या जागी विरघळवतो, चीरफाड नाही, टाके नाहीत,' असे तो म्हणाला. त्याने तीन लाख मागितले. आमच्या सभासदाने पतपेढीतून साठ हजार उचलून दिले. त्यात दहा आठवडे गेले, आणि जखम वाढतच राहिली. "अण्णा, लेसरनं गाठ वितळते म्हणत्यात, ते खरं हाय का खोटं, तेवढं सांगा," असे तो मला म्हणाला.

मला 'खरं' म्हणता येईना आणि 'खोटं'ही म्हणता येईना. त्या लबाडाने वापरलेले शब्द शास्त्रातलेच होते. सोन्याचे कण खरे, लेसर खरा, गाठीवर त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्नही खरे. खोटे होते ते एवढेच की हे औषध त्याच्या कपाटात तयार आहे. त्या सभासदाला नीट उत्तर द्यावे म्हणून मी जे वाचले आणि विचारले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की उजेडाने औषध चालते ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोडावर बावचीचे बी वाटून लावायचे आणि अंगावर ऊन घ्यायचे, हा उपाय वैद्य पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. बावची लावून अंधारात बसले तर काही होत नाही आणि नुसत्या उन्हानेही डाग जात नाही. दोन्ही एकत्र आली म्हणजे परिणाम होतो. बावचीत सोरॅलेन नावाचे द्रव्य असते. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारा जांभळ्यापलीकडचा भाग त्यावर पडला की ते त्वचेतील पेशींवर काम करू लागते. १९४७ साली इजिप्तमध्ये डॉक्टर अल् मोफ्ती यांनी तिथल्या एका रानझाडातील अशाच द्रव्याचा कोडावर शास्त्रशुद्ध वापर सुरू केला, आणि आज त्वचारोगतज्ज्ञ सोरॅलेन देऊन ठराविक प्रकाशाच्या पेटीत रोग्याला उभे करतात. (घरच्या घरी बावची लावून उन्हात बसण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. मात्रा चुकली तर कातडी भाजून फोड येतात. उजेडाचीही मात्रा असते.)

दुसरे उदाहरण तर तुमच्यापैकी अनेकांच्या घरात घडले असेल. बाळाला जन्मानंतर कावीळ झाली की इस्पितळात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. हा शोध ज्या रीतीने लागला ती हकीकत मला फार आवडते. १९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड इस्पितळात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अशक्त बाळांना मोकळ्या हवेसाठी अंगणात उन्हात नेत असत. एकदा डॉक्टर फेरीवर आले असता त्यांनी एक बाळ उघडून दाखवले. सारे अंग फिके पडले होते, पण जिथे दुपट्याचे टोक आले होते तेवढा त्रिकोण पिवळाच राहिला होता. पुढे रक्ताची एक नळी चुकून उन्हात राहिली आणि तिच्यातील पित्तरंजकाचे प्रमाण उतरलेले आढळले. १९५८ साली डॉक्टर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये छापले. निळा उजेड पित्तरंजकाच्या रेणूचा आकार बदलतो, त्यामुळे तो शरीराबाहेर टाकणे सोपे होते. ज्याचे हात रोज कामात असतात त्याच्या डोळ्यांना जे दिसते, ते पुष्कळदा वरच्या खुर्चीवरून दिसत नाही. कारखान्यातही माझा अनुभव हाच आहे.

आता कर्करोगाकडे वळू. म्युनिकमध्ये ओस्कार राब नावाचा एक विद्यार्थी प्राध्यापक टापायनर यांच्या हाताखाली एका रंगद्रव्याचा पाण्यातील एकपेशीय जीवांवर काय परिणाम होतो ते पाहत होता. एके दिवशी जीव लवकर मरत, दुसऱ्या दिवशी तेच द्रव्य, तेच प्रमाण, पण जीव पुष्कळ वेळ तग धरीत. विचार करता त्याच्या ध्यानात आले की ज्या दिवशी जीव तगले त्या दिवशी आभाळ भरून आले होते, वादळ होते. विष एकच होते, फरक उजेडाचा होता. १९०० साली हे प्रसिद्ध झाले. रंगद्रव्य उजेड शोषून घेते आणि ती शक्ती जवळच्या प्राणवायूला देते. चेतलेला प्राणवायू पेशीला जाळतो. पण त्याचे आयुष्य सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. तेवढ्या अवधीत तो एका पेशीची रुंदीही ओलांडत नाही. म्हणजे जिथे द्रव्य आहे आणि जिथे उजेड पडला तिथेच तो मारतो, शेजाऱ्याला धक्का लागत नाही. औषध आणि उजेड एकाच जागी एकाच वेळी आले तरच स्फोट. शरीरभर विष पसरवणाऱ्या औषधांच्या तुलनेत या कल्पनेची ओढ डॉक्टरांना का वाटली हे यावरून समजेल.

या वाटेने काही औषधे खरोखरच बाजारात आली. १९९३ साली कॅनडाने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी फोटोफ्रिन या औषधाला मान्यता दिली. २००१ साली युरोपात तोंड व घशाच्या कर्करोगावर, इतर उपाय थकल्यावर देण्यासाठी, फोस्कॅन मान्य झाले. ते शिरेतून देतात, चार दिवस थांबतात आणि मग गाठीवर लाल लेसरचा उजेड टाकतात. तोंडातील गाठीवर उजेड नेणे सोपे, म्हणून तंबाखू आणि मिश्रीने पोखरलेल्या आपल्या मुलखाला यात विशेष रस असायला हवा. पण या रंगद्रव्यांची एक खोड आहे. ती गाठीतच राहत नाहीत, कातडीतही रेंगाळतात. फोटोफ्रिन घेतलेल्या रोग्याला महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ उन्हापासून जपावे लागते. १९१२ साली मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने अशाच जातीचे द्रव्य स्वतःला टोचून घेतले. तो उन्हात गेला आणि त्याचे तोंड असे सुजले की ओळख पटू नये. रानात किंवा उघड्या यार्डात काम करणाऱ्याला महिनाभर अंधारात बसा असे सांगणे म्हणजे काय, हे इथे समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी अडचण उजेडाची. आज घरी गेल्यावर अंधारात मोबाइलची बत्ती तळहाताखाली धरून पाहा. बत्ती पांढरी असते, पण बोटांतून येणारा उजेड लाल दिसतो. निळा आणि हिरवा भाग रक्त शोषून घेते, लाल तेवढा पार होतो. त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड आणखी थोडा खोल जातो. त्यापुढे मात्र शरीरातील पाणीच तो पिऊन टाकते. सुमारे ६५० ते ९५० नॅनोमीटर लांबीच्या लहरी म्हणजे शरीराची एक अरुंद खिडकी आहे. या खिडकीतून येणारा उजेड जे द्रव्य भरपूर पिईल ते औषध म्हणून उपयोगी. आणि इथे सोने पुढे येते.

नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग, म्हणून मराठीत त्याला अब्जांश म्हणतात. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, रक्तातील तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद. आपण ज्या सोन्याच्या कणांविषयी बोलत आहोत ते वीस, पन्नास, दीडशे नॅनोमीटरचे. एक ग्रॅम सोन्याचा ठोकळा केला तर त्याचा सारा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याच एक ग्रॅमच्या वीस नॅनोमीटरच्या गोळ्या केल्या तर पृष्ठभाग सुमारे पंधरा चौरस मीटर होतो, म्हणजे दहा फूट बाय सोळा फुटांच्या खोलीची फरशी. वस्तू इतकी बारीक झाली की तिचा स्वभाव बदलतो. सोने पिवळे राहत नाही. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८५७ साली पाण्यात तरंगणारे सोन्याचे असे कण बनवले, ते पाणी माणकासारखे लाल दिसे. फॅरडेच्या त्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत. हे फॅरडे लोहाराचे पोर आणि बुकबाइंडरकडचे उमेदवार. बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकले. त्यांचे नाव घेताना मला जरा बळ येते.

रंग बदलतो याचे कारण असे. सोन्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात. उजेड ही लहर आहे; ती आली की कणातील सारे इलेक्ट्रॉन एकदम एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला असे हिंदकळतात. नागपंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला तर तो उंच जातो, भलत्या वेळी दिला तर मंदावतो. तसे या कणांना एका ठराविक लांबीच्या लहरीचे वेड असते. लहान गोल कणाला हिरव्या उजेडाचे, म्हणून हिरवे तो पितो आणि पाणी लाल दिसते. पण कणाचा आकार लांबट केला, किंवा वाळूच्या जातीच्या गोळीवर सोन्याचा पातळ पापुद्रा चढवला, तर हे वेड सरकत सरकत त्या लाल-अवरक्त खिडकीत आणता येते. पिलेल्या उजेडाची उष्णता होते. गाठीत असे कण भरले आणि बाहेरून अवरक्त लेसर सोडला तर गाठीचा ताप वाढतो. शरीराची पेशी पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे टिकत नाही. इथे प्राणवायूचीही गरज नाही आणि कण उजेडावाचून निष्क्रिय असल्याने उन्हात जाण्याची भीती नाही.

कोणी विचारील, सुवर्णभस्म म्हणजे हेच का? भस्मातही सोन्याचे फार बारीक कण असतात, एवढे खरे. पण त्यांचा आकार नेमका ठरलेला नसतो आणि ते उजेडासाठी घडवलेले नसतात. 'आमच्याकडे हे सर्व आधीच होते' असे म्हणून टाळी घेणे सोपे असते. मी ती घेणार नाही.

कण बनवायचे कसे, या प्रश्नाशी आपल्या पुण्याचा संबंध आहे, आणि तो पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे. रूढ रीत रसायनाची. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवायचा, दुसरे रसायन घालून सोने खाली आणायचे, आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तिसरे रसायन घालायचे. कण होतात, पण अंगाला ही रसायने चिकटलेली राहतात. लांबट कण बनवताना वापरतात तो साबणासारखा पदार्थ पेशींना विषारी आहे. तो धुऊन काढता काढता पुरेवाट होते. जे शिरेत टोचायचे त्याच्या अंगाला असली घाण नको.

दुसरी रीत अशी. शुद्ध पाण्याच्या भांड्यात धातूची पट्टी ठेवायची आणि पाण्यातून तिच्यावर लेसरचे ठोके द्यायचे. एका ठोक्यातील ऊर्जा विचाराल तर अगदीच क्षुल्लक. एक दशांश ज्यूल, म्हणजे दहा ग्रॅम वजन एक मीटर वर उचलण्याइतकी. पण ती पाच नॅनोसेकंदांत, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर येते. हिशेब केला तर त्या क्षणापुरती ती दोन कोटी वॅट भरते. आमचे दौंडचे रेल्वे कामगार बसले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो: सहा हजार अश्वशक्तीचे विजेचे इंजिन सुमारे पंचेचाळीस लाख वॅटचे, म्हणजे अशा चार-साडेचार इंजिनांचा जोर टाचणीच्या टोकावर. धातू वितळायला सवड मिळत नाही, तो थेट तप्त वायू होऊन उसळतो. भोवती पाणी असते. ते त्याला दाबून धरते, बुडबुडा उठतो, फुटतो, आणि वायू गोठून त्याचे सूक्ष्म कण पाण्यात पसरतात. शिरूरकरांनी निघोजजवळ कुकडीच्या पात्रात पाण्याने खडकाला पाडलेली रांजणखळगी पाहिली आहेत. पाणी हजारो वर्षे घासून जे करते त्याच्या उलट हे काम, डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी शेकडो वेळा. पाणी आणि धातू यांच्यावाचून तिसरी वस्तू भांड्यात नाही, म्हणून कण नितळ निघतो.

पाण्यात बुडालेल्या धातूवर लेसरचे ठोके देऊन तिथे काय घडते याचा पहिला पाया घालणारा जो निबंध जगभर सांगितला जातो, तो पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातला आहे. १९८७ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या अमेरिकन नियतकालिकात तो छापला गेला. त्यावर आठ नावे आहेत. पाटील, घैसास, कानेटकर, ओगले, कुलकर्णी अशी आपल्या ओळखीची आडनावे, आणि शेवटी भिडे. माणकाचा लेसर आणि पाण्यातली लोखंडाची पट्टी एवढीच मुख्य सामग्री. खरे सांगायचे तर त्यांना औषध करायचे नव्हते आणि कणही करायचे नव्हते. लोखंड पाण्यात एकदम तापून एकदम विझले तर त्याच्या पृष्ठावर कोणता गंज चढतो, हे पाहायचे होते. लोहार तापलेली पहार पाण्यात विझवतो तोच व्यवहार, फक्त कोट्यवधी पटीने जलद. पृष्ठावर सहसा न टिकणारी ऑक्साइडे मिळाली. पट्टीकडे पाहणारे ते लोक. पाण्यात काय उरले याकडे १९९३ च्या सुमारास परदेशात इतरांनी लक्ष वळवले आणि त्यातून कण बनवण्याची रीत उभी राहिली. या निबंधातील सतीशचंद्र ओगले आणि सुलभा कुलकर्णी यांनी पुढे पुण्यातच पदार्थविज्ञानात मोठे काम केले. सोन्याचा पापुद्रा चढवलेल्या ज्या गोळ्या मी मघाशी सांगितल्या, त्या जातीच्या कवचकणांवर सुलभाताईंचा सहकाऱ्यांसह लिहिलेला लेख २००६ साली 'करंट सायन्स'मध्ये आहे. निबंध निघाला तेव्हा पुण्याच्या वेशीवरच्या कारखान्यांतून आमचे मोर्चे निघत होते. विद्यापीठाच्या फाटकासमोरून आम्ही घोषणा देत गेलो असू, आणि आत एका खोलीत पाण्यातील लोखंडावर ठोके पडत होते.

पुण्याची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती ऐकून माझी पत्नी पहिल्यांदा या विषयाकडे वळली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली गवती चहाच्या काढ्यात सोन्याचा क्षार घातला आणि सोन्याचे चपटे त्रिकोणी सूक्ष्म कण मिळवले. हे त्रिकोण नेमका अवरक्त उजेड पितात. ही रीत लेसरची नव्हे, पण विषारी रसायने टाळण्याचा हेतू तोच.

आता लेसरच्या रीतीचे गुण सांगितले तसे दोषही सांगतो. कण सारख्या मापाचे निघत नाहीत. काही लहान, काही मोठे, आणि ते निवडावे लागतात. उत्पादन थोडे असते. तासाला काही मिलिग्रॅम, हा पुष्कळ वर्षे रिवाज होता. २०१६ साली जर्मनीतील ड्युइसबुर्ग-एसेन विद्यापीठाने पाचशे वॅटचा लेसर लावून तासाला चार ग्रॅमपर्यंत मजल मारली, तेव्हा ती बातमी झाली. सोन्याखेरीज इतर पदार्थही या रीतीने होतात. मार्सेय आणि मॉस्को येथील संशोधकांनी २०१९ साली टायटॅनियम नायट्राइडचे असे कण बनवले. ते सोन्यासारखेच उजेड पितात आणि सोन्याहून स्वस्त आहेत. सिलिकॉनचे कण तर शरीरात हळूहळू विरघळून लघवीवाटे निघून जातात, आणि हा मोठाच फायदा आहे, कारण सोने विरघळत नाही.

गाठीपर्यंत कण पोचतात का, हा खरा कळीचा प्रश्न. गाठीच्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, गळक्या असतात. त्यांतून कण आत झिरपतात अशी अपेक्षा. टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली दहा वर्षांतील उंदरांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या हजार कणांपैकी गाठीत पोचतात मध्यमानाने सात. बाकीचे बहुतांशी यकृत आणि प्लीहा गिळतात. हा आकडा वाचला त्या रात्री मी पुस्तक मिटून ठेवले होते.

माणसावर काय झाले? अमेरिकेत नेओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या सोन्याच्या कवचकणांचा प्रयोग प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या सोळा रोग्यांवर झाला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. आदल्या दिवशी कण शिरेतून दिले, दुसऱ्या दिवशी सुईवाटे लेसरचा तंतू गाठीत नेला. सोळांपैकी पंधरा जणांत उपचार पुरा करता आला. सोळा रोगी म्हणजे आरंभ. आणि हे कण रसायनाच्या रीतीने केलेले होते, लेसरने नव्हे. लेसरने बनवलेल्या कणांचे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि उंदरांवर चालले आहे. अशा कणांचे कर्करोगावरील एकही औषध आज आपल्या देशात विक्रीला नाही. त्या सभासदाला देण्याचे पहिले उत्तर हे होते.

युनियनचा माणूस म्हणून मला या कामात आणखी एक गोष्ट दिसते. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ या भागांत पत्रे कापणारे आणि जोडणारे लेसर आता पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यांचा उजेड बहुधा एक हजार नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा, पण डोळ्याच्या पडद्यापर्यंत थेट पोचणारा. पडदा भाजला तरी दुखत नाही, नजर गेल्यावरच कळते. म्हणून त्या लहरीसाठी असलेला चश्माच लागतो, कुठलाही हिरवा चश्मा चालत नाही. शिवाय कापताना जो धूर निघतो त्यात धातूचे हेच नॅनोकण असतात, कोणी न मागता झालेले. वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१७ साली ठरवले. पाण्याखाली कण बनवण्यात एक गुण असा की ते पाण्यातच राहतात, कामगाराच्या छातीत जात नाहीत. औषधाच्या बाटलीत कण मोजून, पारखून भरायचे आणि कापण्याच्या यंत्रावर उभ्या असलेल्या पोराने ते मोकळ्या हवेत हुंगायचे, ही तफावत मी प्रत्येक बोलणीत व्यवस्थापनापुढे मांडतो. धूर ओढून घेणारा पंखा मिळायला एका कारखान्यात आम्हाला चौदा महिने लागले.

त्या सभासदाकडे परत येतो. नव्या औषधाचा माणसावर प्रयोग करायचा तर त्याची नोंद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ साली सुरू केलेल्या नोंदवहीत करावी लागते; २००९ पासून ती सक्तीची आहे, आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. प्रयोगाला इस्पितळाच्या नीतिसमितीची परवानगी लागते. रोग्याची लेखी संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी लागते. प्रयोगामुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागते, असे २०१९ चे नियम सांगतात. करार वाचणे हा माझा धंदा आहे. मी आधी तारीख पाहतो, मग सही कोणाची ते पाहतो, मग बारीक अक्षर. त्या माणसाने दिलेला कागद आम्ही कचेरीतील टेबलावर पसरला. औषधाचे नाव नव्हते, नोंदणीचा क्रमांक नव्हता, समितीचा उल्लेख नव्हता, सहीच्या जागी नुसता गोल शिक्का होता. कचेरीतल्या मुलाने नोंदवही उघडून शोधले. तिथेही काही नव्हते. त्याच आठवड्यात नवरा-बायको पुन्हा आधीच्या डॉक्टरांकडे गेली.

शस्त्रक्रिया कामगार विम्यातून झाली. दहा आठवड्यांपूर्वी झाली असती तर गालापुरती झाली असती. आता जबड्याचाही थोडा भाग काढावा लागला. बाई बोलतात, शब्द थोडे अडखळतात, पण समजतात. भाकरी ताकात कुस्करून खातात. दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात. तो माणूस ज्या गाळ्यात बसत असे तो गाळा बंद आहे. पतपेढीचे हप्ते येत्या दिवाळीपर्यंत आहेत.